देवापुढची ट्रे

रेवणकरांनी बॅगेतून एक छोटी प्लास्टिकची पिशवी काढून आबांच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे काय असेल, तुमच्या मते?"

पिशवीत रबराची एक वाटी होती, अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्या कडेला तांबडं काहीतरी चिकटलेलं होतं.

"कुंकू," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. ती वाटी आधी चाकणच्या प्रयोगशाळेत जाऊन आली होती, मग बंगळूरला. चाकणने हा गंज नाही एवढंच सांगितलं होतं. बंगळूरने वनस्पतिजन्य भुकटी, बहुधा हळद, क्षाराची प्रक्रिया केलेली, असं लिहून खाली 'स्रोत अज्ञात' असा शेरा मारला होता. रेवणकरांना ते पहिल्याच दिवशी ओळखू आलं असणार. त्यांच्याही घरी देव्हारा होताच. पण कंपनीत तसं म्हणायला आधी दुसऱ्या कोणीतरी म्हणावं लागतं.

"कुंकू," ते म्हणाले. "ब्रेकमध्ये."

"हो."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या साली श्रावणात आबा, माझे वडील, गेले. कामावरून आले, मोरीत पाय धुवायला वाकले आणि उठले नाहीत. मी पुण्याच्या एका ग्रंथालयात नोकरीला होते. बिनपगारी रजा टाकून कोल्हापूरला आले ती कारखान्याचं आवरायला. सांगलीचे एक गृहस्थ मशिनी बघूनही गेले होते. त्यांनी प्रत्येक लेथवर टिचकी मारून पाहिली होती, कलिंगड घेताना मारतात तशी.

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आबांच्या त्या छोट्या कारखान्यात चाकणच्या एका कंपनीच्या मालवाहू टेम्पोंसाठी मागच्या चाकांच्या ब्रेकचे सिलिंडर तयार होत. सिलिंडर म्हणजे मुठीत मावेल एवढी ओतीव लोखंडाची नळी. आत पिस्टन, स्प्रिंग आणि रबराच्या वाट्या. पायाने ब्रेक दाबला की तेल वाट्यांना रेटतं, वाट्या पिस्टनला रेटतात आणि गाडी थांबते. वाटीखाली बारीकसा कण राहिला तरी तेल पाझरू लागतं, आणि एके दिवशी ब्रेकवरचा पाय सरळ तळाला जातो. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. इतर मुलांना बागुलबुवाची भीती घालत, मला कणाची.

खंबाटकी घाटात एका टेम्पोवाल्याचा पाय असा तळाला गेला होता. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन थांबवली. माणूस वाचला, टोमॅटो गेले. दुसरा बार्शीजवळ, सपाट रस्त्यावर. त्याला बाभळीने थांबवलं. दोन्ही गाड्यांच्या सिलिंडरवर आमच्या कारखान्याचा छाप होता, आणि दोन्ही दसऱ्यानंतर आम्ही पाठवलेल्या मालातले होते. चाकणच्या गोदामात त्या मालातले न बसवलेले जे नग शिल्लक होते ते आमच्याच टेम्पोने परत पाठवले होते. आबांच्या हयातीत तिथून एक नग कधी परत आला नव्हता. त्या दिवशी अंगणात खोकी उतरत होती आणि माणसं ती अशी उतरवून घेत होती, की जणू आत कोणीतरी झोपलंय.

रेवणकर हे कंपनीच्या गुणवत्ता विभागाचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला परिस्थिती समजावून सांगितली. ज्या गाड्यांत दोष आहे त्या परत बोलवायच्या, सिलिंडर बदलून द्यायचे. कुठल्या गाड्या ते नेमकं कळलं आणि त्या थोड्या असल्या, तर ते आज संध्याकाळपासून मालकांना फोन लावू शकत होते. नेमकं कळलं नाही तर आमचे सिलिंडर बसवलेल्या सगळ्याच गाड्या बोलवाव्या लागणार, त्याला वरची मंजुरी लागणार, ती यायला महिना-दीड महिना जाणार. तोवर दोषी गाड्या घाट चढत-उतरत राहणार. आणि तसं झालं तर आमची ऑर्डर बंद. त्या ऑर्डरीखेरीज कारखान्याला दुसरं काम नव्हतं.

"मला दोन गोष्टी पाहिजेत," ते म्हणाले. "कुंकू आत गेलं कसं, आणि फक्त याच मालात गेलं कशावरून."

मी मगदूममामांना बोलावून घेतलं. मामा आबांचे फोरमन. आबांनी पहिला लेथ घेतला तेव्हापासूनचे. लहानपणी मी त्यांच्याच सायकलवर शाळेत गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पिशवी उजेडात धरली.

"आमचंच हाय की," ते म्हणाले. "खंडेनवमीचं."

हरवलेलं ढोर ओळखावं तसं त्यांनी ते सांगितलं. रेवणकरांनी पेन उघडलं.

मामांनी मग सगळं बैजवार सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला मशिनी बंद असतात. त्या पुसून-तेल लावून त्यांची पूजा होते, आणि पुढ्यात धुऊन ठेवलेल्या सिलिंडरांची एक ट्रे मांडतात. आधी गणपती, मग मशिनी, मग ट्रे, अशा क्रमाने हळद-कुंकू वाहतात. दसरा झाला की काम सुरू होतं ते त्याच ट्रेपासून. तिच्यातले नग आधी जोडायचे, पेटीत घालून पेटीवर स्वस्तिक काढायचं आणि ती टेम्पोत सगळ्या मालाच्या वर, पुढच्या बाजूला चढवायची. देवापुढची ट्रे वाट दाखवत पुढे जाते, मागचा माल तिच्या मागोमाग सुखरूप पोचतो.

पूजेनंतर नग पुन्हा धुतले नाहीत का, असं रेवणकरांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस कुठल्या गावचा, असं त्या बघण्यात होतं. "कोऱ्या फडक्यानं पुसून घेतलं," ते म्हणाले. "देवाचं कुंकू रॉकेलनं धुवून गटारीत सोडायचं व्हय?"

"आणि हे दरवर्षी करता?"

"पहिली ऑर्डर आली तवापास्नं. एक साल चुकलं न्हाई. आणि एक नग म्हागारी आला न्हाई, ते काय उगंच?"

रेवणकरांनी 'दरवर्षी' असं लिहिलं आणि पेन थांबलं. मामांना वाटत होतं की आपण कारखान्याची बाजू भक्कम केली. रेवणकरांना ऐकू आलं होतं ते एवढंच, की आजवरच्या प्रत्येक दसऱ्यानंतर रस्त्यावर आलेल्या गाड्यांत कुंकू असू शकतं. ते उठले, चाकणला फोन करून येतो म्हणाले आणि कारखान्याच्या मागच्या बाजूला गेले. तिथे रेंज येत नाही हे त्यांना कोणीच सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या पूजेला मी हजर होते. आबा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्यामुळे पूजा करायची की नाही असा प्रश्न निघाला होता. मामा विचारायला घरी आले. आई म्हणाली, सुतक आपल्याला असतं, लेथला नसतं. मग आत गेली आणि कुंकवाचा मोठा डबा घेऊन आली. तिचं रोजचं कुंकू गडद, जवळजवळ डाळिंबी रंगाचं. महाद्वार रोडवरच्या एका ठरलेल्या दुकानातून ती ते वर्षाचं एकदम आणत असे, आणि त्या वर्षीचं आबा जायच्या आदल्याच आठवड्यात आणलेलं होतं. डबा गच्च भरलेला होता. तिने तो मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे घेऊन जावा. तिकडं तरी कामाला येईल." मामांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मी आईला काही म्हणणार होते. काय म्हणणार होते ते आता आठवत नाही. ती भाजी निवडायला बसली.

आबा पूजा करायचे ती चिमटीने. कुंकू कुठेही सांडू नये म्हणून डाव्या हाताचा पसा खाली धरायचे. मामांनी ओंजळ भरून वाहिलं. आबा नाहीत म्हणून कमी पडायला नको, असं ते बाकीच्यांना सांगत होते. ट्रे शेवटी अशी दिसत होती, की जणू नळ्यांतून तांबडी मोहरी पेरली आहे. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्या दिवशी आमच्यातल्या कोणाच्याही डोक्यात ब्रेक आला नाही.

रेवणकर परत यायच्या आत मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आपल्या कुंकवानेच ब्रेक गेले हे त्यांना एव्हाना कळलं होतं. माझं नाव घाला म्हणाले. मगदूमनं हयगय केली, मगदूमला काढला, एवढं त्या सायबाला लिहून द्या, म्हणजे कारखाना सुटेल. मी म्हटलं, तुमचं नाव घालून भागणार नाही, मामा, साहेबांना हवंय ते आधीच्या वर्षांचं उत्तर. ते त्यांच्याकडेही नव्हतं. "दरवर्षी वाहिलंय, ताई," ते म्हणाले. "आबांनी स्वतःच्या हातानं. मग यंदाच देव का फिरला?"

मी अंगणात आले. अस्लम टेम्पोच्या पायरीवर चहाचा पेला घेऊन बसला होता. अस्लम मुजावर आमचा माल चाकणला नेई, आधी त्याचे वडील नेत. तो मला बघून उठला, पेला खाली ठेवला आणि परत आलेल्या खोक्यांकडे बघत म्हणाला, "ही त्या ट्रेमुळंच भानगड झालीय न्हवं?"

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं.

कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याने आधी मामा जवळपास नाहीत ना ते पाहिलं. मग जे सांगितलं ते मी उभ्या-उभ्याच ऐकलं.

दरवर्षी दसऱ्यानंतरची पहिली गाडी निघाली, की आबा त्याच्याशेजारी येऊन बसत. वडगावला काम आहे असं कारखान्यात सांगितलेलं असे. गाडी किणीच्या पुढे वारणेच्या पुलावर आली की आबा ती कडेला घ्यायला लावत. स्वस्तिकाची पेटी स्वतः उतरवत, उघडत आणि त्यातला एकेक नग नदीत सोडत. रिकामी पुठ्ठ्याची पेटी घडी करून सीटखाली ठेवत. तेवढ्याच नगांची एक पेटी त्यांनी आधीच बांधून टेम्पोच्या केबिनमध्ये ठेवलेली असे, ती त्या जागी चढायची. मग ते पलीकडच्या फाट्यावरून एसटी धरून माघारी येत.

"मी एकदा विचारलं, मालक, असं का? मगदूममामांना सांगून टाका की. तर म्हणाले, मगदूमचं मन मोडायचं नाही आणि कोणाचा ब्रेक फेल करायचा नाही. दोन्ही जमत असंल तर एसटीचं तिकीट काय महाग न्हाई." अस्लमने गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं. "आणि म्हणाले, देव सांभाळतो ते खरं, पण रबराला ते माहीत नसतं."

हे आबांचंच वाक्य होतं. अस्लमला ते बनवता आलं नसतं.

मग मी विचारलं, यंदा?

"यंदा पुलावर गाडी थांबवली मी," अस्लम म्हणाला. "पेटी खाली पण घेतली. पण माल तुमचा, देव तुमचा. मी एकट्यानं कसं टाकू, ताई? कुणी बघितलं असतं तर काय सांगायचं? परत चढवली आणि गेलो."

मी त्याला म्हटलं, तुझं बरोबर आहे. खरोखरच बरोबर होतं.

म्हणजे उत्तर मिळालं होतं. आधीच्या कुठल्याही वर्षी ती ट्रे चाकणला पोचलीच नव्हती. यंदा पोचली, सगळ्यांत वरची म्हणून आधी उघडली गेली आणि पहिल्या पाळीतच गाड्यांना बसली. म्हणजे गाड्या रेवणकरांना हव्या होत्या तशाच होत्या, थोड्या आणि नेमक्या. फक्त हे सांगायचं म्हणजे मामांसमोर सांगायचं. कारण जबाब फोरमनचा हवा होता, सही त्यांची. माझ्या मनात आलं की आबांनी इतकी वर्षं या माणसापासून जे झाकून ठेवलं, ते मी एका दुपारी फोडणार. दुसरीकडे गाड्या रस्त्यावर होत्या. यात खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी मी अस्लमचा चहा संपेपर्यंत तिथे उभी राहिले.

केबिनमध्ये मामा आबांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले होते. ते त्या खुर्चीत कधीच बसले नाहीत. मी अस्लमला आत घेतलं आणि रेवणकरांना म्हटलं, विचारा.

त्यांच्या कंपनीची एक पद्धत आहे. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'च्या उत्तराशी खरं कारण असतं असं ते मानतात. रेवणकर विचारत गेले आणि मी सांगत गेले. ब्रेक का गेला? वाटीखालून तेल पाझरलं. का पाझरलं? कुंकवाचे कण होते. कण तिथे का आले? पूजेतली ट्रे गाड्यांना बसवली गेली. आजवर बसली नाही, मग याच वेळी का?

"कारण दरवर्षी ती वाटेत उतरवून वारणेत सोडली जायची," मी म्हटलं. "आबा स्वतः सोडायचे. अस्लम बरोबर असायचा. यंदा सोडायला ते नव्हते."

मी मामांकडे बघायचं टाळत होते, पण खोली लहान होती.

"का नव्हते?" रेवणकरांनी विचारलं. मग त्यांच्या लक्षात आलं, पण प्रश्न विचारून झाला होता आणि कागदावर त्याखाली उत्तराची जागा होती.

"वारले," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहिलं. त्यांना दुसरं काही लिहिता आलं नसतं.

बाहेर कोणीतरी ड्रिल चालू करून लगेच बंद केलं. मग मामांनी अस्लमला विचारलं, "पेटीसकट टाकायचे?"

"न्हाई. एकेक नग. हळू."

"चपला घालून?"

"काढून. कठड्याला लावून ठेवायचे."

"हात जोडायचे?"

"जोडायचे की. मी पण इंजिन बंद करायचो तेवढा वेळ."

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुन्हा घातला. "मग विसर्जनच झालं ते," ते म्हणाले. "देवापुढचं पाण्यात जाणारच. त्यात चुकलं काय?" थोड्या वेळाने म्हणाले, "मला नेलं असतं तर मी पण आलो असतो. लबाड माणूस." ते आबांना तोंडावरही तसंच म्हणत.

रेवणकरांनी संध्याकाळी आमच्याच केबिनमधल्या फोनवरून फोन लावायला सुरुवात केली. तिथे रेंजचा प्रश्न नव्हता. बहुतेक गाड्यांचे सिलिंडर त्याच आठवड्यात बदलून झाले. एक गाडी परभणीकडे विकली गेली होती, ती सापडायला वेळ लागला. तिच्या नव्या मालकाने आधी हा कर्जाच्या हप्त्याचा फोन समजून खूप दिवस उचलला नाही. ती सापडल्याचं कळलं तेव्हा मामांनी कारखान्यात पेढे वाटले. ब्रेक पूर्ण निकामी असा नंतर एकही निघाला नाही, पाझरू लागलेले मात्र बरेच निघाले.

पण फोन सुरू व्हायच्या आधी अहवालाचा शेवटचा भाग राहिला होता. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, ते लिहायचं होतं. रेवणकरांनी घसा साफ करून सुचवलं की पूजा माल न ठेवता करता येईल. आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी ते सोडून दिलं.

"पुढल्या साली ट्रे मी नेतो," मामा म्हणाले. "वारणेला."

नदीत टाकतो असं लिहिता येणार नाही, पर्यावरणवाले विचारतात, असं रेवणकर म्हणाले. त्यांनी 'पूजेतील नग वेगळे काढून योग्य विल्हेवाट, दरवर्षी' असं लिहून मामांना वाचून दाखवलं. मामांना विल्हेवाट हा शब्द आवडला नाही, पण त्यांनी तो चालवून घेतला.

"जबाबदार व्यक्ती?"

"शिवगोंडा मगदूम," मामांनी पूर्ण नाव सांगितलं.

"आणि ते नसताना?" रेवणकर कागदावरून मान वर न काढता म्हणाले. "एक पर्यायी नाव द्यावं लागतं. एकच माणूस जबाबदार ठेवला की काय होतं ते आपण आत्ताच बघितलं."

अस्लमने मामांकडे पाहिलं, मामांनी माझ्याकडे. सांगलीचे गृहस्थ सोमवारी मशिनींच्या सौद्याचं टोकन घेऊन येणार होते.

मी माझं नाव सांगितलं. आडनाव त्यांनी विचारलं नाही; ते बाहेर पाटीवर होतं.